डावं, पुढचं

बोरामणीच्या पुढं, काटा चाळीसच्या वर गेला की
पिकअपच्या पोटात कुणीतरी तोंड मिटून घुमायला लागायचं.
चाळीसच्या खाली आलं की गप्प.
मी म्हटलं टायर. दोन नवे टाकले.
साडेअकरा हजार गेले आणि आवाज तिथंच,
उलट टायर नवे म्हणून जास्तच स्वच्छ.

नायना शेजारी बसलेले.
चौतीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले,
दोन्ही कान धोट्यानं नेले.
त्यांच्याशी बोलायचं तर समोर यायचं, खांद्याला हात लावायचा.
त्यांनी दाराच्या पत्र्यावर तळवा ठेवला,
वळणावर थोडा दाबला.
उजवीकडं वळलास की वाढतं, म्हणाले.
'डावं. पुढचं.'

लाडले मिस्त्रीचं गॅरेज अक्कलकोट रोडला, कडुनिंबाखाली.
त्यानं मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला,
चाक वरून-खालून धरून हलवलं.
टक. टक.
किडकी दाढ हलते तसं.
'कौन बोल्या बेअरिंग है करके?'
मी नायनांकडं बोट केलं.
मिस्त्रीनं आतून खुर्ची आणवली.

चन्नवीरनं कॅलिपर सोडून तारेनं वर टांगला,
ग्रीसची टोपी काढली, स्प्लिट पिन सरळ केली, नट काढला.
हब ओढला तर आतलं कडं तसंच मागं राहिलं,
दांड्याला जळून चिकटलेलं.
छन्नी, घण, डिझेलचा थेंब, परत घण.
मे महिना, दुपारचे दोन,
उन्हात राहिलेला पाना हातात धरवेना.
चन्नवीर पोत्यानं धरायचा आणि कन्नडात शिवी द्यायचा,
कड्याला की सूर्याला, कळलं नाही.

निघालं शेवटी.
ग्रीस कसलं, करपलेली काकवी.
रोलरांवर देवीचे वण.
आणि हबच्या आत मिस्त्रीनं बोट फिरवलं,
मग माझं बोट धरून फिरवलं :
बाहेरचं कडं हबातच गरगरलेलं, बसायची जागा झिजलेली.
'नुसतं बेअरिंग घालून देतो, महिन्यात परत येशील. हब बदल.'
मी आकडा विचारला. माठातलं पाणी प्यायलो.
परत विचारला. तोच होता.

नवा हब मोटारसायकलवरून येईस्तोवर
मिस्त्रीनं ग्रीसचा डबा नायनांपुढं सरकवला.
नायनांनी तळव्यावर लिंबाएवढा गोळा घेतला
आणि बेअरिंगची कड त्यात दाबत गेले,
दाबत, फिरवत, दाबत,
रोलरांच्या फटींतून ग्रीस पलीकडं वर येईपर्यंत.
मागाच्या बेअरिंगा मीच भरायचो, म्हणाले,
मालक ग्रीससुद्धा मोजून द्यायचा.

हब चढला. नट आवळला, चाक फिरवलं, परत आवळला.
मग सोडला सगळाच, आणि बोटांनी आणला जागेवर.
मिस्त्री कान लावून बसला.
रस्त्यावरून ट्रेलर चालले होते, त्याला काही ऐकू येईना.
नायना उठले. चाकामागच्या लोखंडावर तळवा ठेवून
चन्नवीरला खुणेनं म्हणाले, फिरव.
'एक घर मागं.'
मिस्त्रीनं एक घर मागं घेतलं,
पिन घातली, टोकं वाकवली. काही बोलला नाही.

परतताना चाळीस. पन्नास. साठ.
खिडकीतला वारा,
आणि रिकाम्या हौद्यात जॅकची कांडी खडखडतेय तेवढंच.
नायनांचा तळवा पत्र्यावरच.
'गेलं?'
मी मान हलवली, त्यांना दिसेल अशी.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
'आठ दिवस ऐकू येत होतं मला.
वाटायचं, भिंतीपलीकडं कुणाचा तरी माग चाललाय.
चांगला लागलेला होता.'

जुनं बेअरिंग मिस्त्री भंगारात टाकणार होता.
ते आता त्यांच्या मांडीवर, टॉवेलात.
काठाला डाग पडलाय,
निघायचा नाही.